वाटाणे कच्चे होते

आता साहेबही पेन्शनीत आणि मीही, म्हणून बोलतो. नाहीतर ही गोष्ट माझ्याबरोबरच जायची होती.

मी पलटणीचा आचारी. अख्खं सैन्य मला 'कच्चेमामा' म्हणायचं. सैन्याचं सोडा हो, सासुरवाडीला मेहुणेसुद्धा विचारायचे, "काय कच्चेभावोजी, चहा तरी उकळलाय ना?" वीस वर्षं ऐकून घेतलं. निवृत्त व्हायच्या आधी हे नाव पुसलं जावं, एवढीच माझी इच्छा होती.

नाव पडलं ते लढाईत. आमच्या पलटणीचा नियम असा, की अधिकाऱ्यानं पातेल्यातला एक दाणा बोटांत दाबून बघायचा आणि "शिजलं" म्हणायचं. त्याशिवाय ताट भरायचं नाही, आणि उपाशी जवान हलवायचा नाही. त्या सकाळी दहाला पूल ओलांडायचा हुकूम होता. साहेब तेव्हा साधे कॅप्टन. त्यांनी माझा वाटाणा दाबला आणि म्हणाले, "कच्चा आहे. अजून तासभर."

अहो, कच्चा कसला! लोणी झालं होतं त्याचं. पण कॅप्टनसमोर बोलायची सोय नाही. जाळ वाढवला आणि सगळ्या पलटणीच्या शिव्या खाल्ल्या. सव्वादहाला शत्रूनं पूल उडवला. पुलावर कोणी नव्हतं. आम्ही सगळे पातेल्याभोवती ताटं वाजवत बसलो होतो.

झालं, साहेबांचं नशीब फळफळलं. पदक मिळालं, मग बढती, मग बढतीवर बढती. लोक म्हणायचे, "वाटाण्यानं वर काढला याला." साहेब नुसते हसायचे. पदक त्यांना, बदनामी मला! चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढे सरसेनापतीची जागा रिकामी झाली आणि त्यासाठी साहेबांचं नाव निघालं. निवड समितीचे अध्यक्ष कोण, तर ज्यांनी त्या दिवशी दहाचा हुकूम दिला होता तेच म्हातारे जनरल. कोणीतरी त्यांचे कान भरले, की वाटाण्याचं निव्वळ निमित्त होतं, यानं तुमचा हुकूम मुद्दाम मोडला. मला साक्षीला बोलावलं. म्हटलं, आता सापडलात! भर समितीत सांगतो, वाटाणे शिजले होते.

आदल्या दुपारी साहेब स्वतः स्वयंपाकघरात आले. कांद्याच्या पोत्यावर बसले.

"मामा, वाटाणे शिजले होते."

माझ्या हातातला झारा खाली पडला.

"त्या पुलावरून रोज सकाळी शेळ्यांचा कळप जायचा. त्या दिवशी एकही शेळी फिरकली नाही. वायरलेसवर सांगितलं, तर वरून दम मिळाला, शेळ्या मोजू नका, दहाला निघा. हुकूम मोडला असता तर माझं कोर्ट मार्शल. वाटाण्याचं कोण करणार?"

"माझं झालं ना!" मी ओरडलो. "वीस वर्षं झाली साहेब! एकदा तोंडानं सांगता आलं नाही?"

"लाज वाटली," ते म्हणाले. "उद्या खरं तेच सांगा." आणि मान खाली घालून गेले.

मला इतका संताप आला, की भाजीत दोनदा मीठ पडलं. पण ढवळताना डोक्यात एकच घोळत होतं. त्या पुलावर दोनशे माणसं असती. पातेल्यासकट मीही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष गरजले, "खरं सांग. शिजले होते की नाही?"

मी टाचा जुळवल्या. "नाही साहेब. गोट्या होत्या नुसत्या. भिजत घालायलाच विसरलो होतो."

समिती खो खो हसली. "म्हणजे अक्कल नाही, नुसतं नशीब!" म्हणत अध्यक्षांनी खुशीत सही ठोकली. त्यांचा हुकूम कोणी मोडला नव्हता ना! साहेब सरसेनापती झाले आणि मी कच्चेमामा तो कच्चेमामाच राहिलो.

पहिल्याच आठवड्यात साहेब आमच्या मेसमध्ये आले, त्या म्हाताऱ्या जनरलना बरोबर घेऊन. जवान ताटं धरून उभे. साहेबांनी पातेल्यातला वाटाणा उचलून दाबला.

"शिजलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच, "तेव्हाचंही."

"काय म्हणालात?" म्हाताऱ्यांनी कानाला हात लावला.

"मीठ बरोबर आहे म्हणालो."

मी पटकन पाठ फिरवली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं. गॅसच्या शेगडीला धूर नसतो, हे मला शिकवायला येऊ नका.