कुट्टीचं झाकण

राजेश्री नववीत होती तेव्हा तिच्या वडलांच्या, महारुद्र अण्णांच्या, उजव्या हाताची चार बोटं कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली. अंगठा तेवढा उरला. दुकानदार मुंजाजीनं यंत्र झाकणाशिवायच गळ्यात मारलं, असं अण्णा भेटेल त्याला सांगायचे. सोनपेठेतल्या त्या दुकानात गावानं जायचं सोडलं. दहावीनंतर राजेश्रीनं तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला नाव घातलं, ते मनात हीच गोष्ट धरून.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टची वेळ आली, तेव्हा तिचं ड्रॉइंग तयारच होतं. चारा आत ओढणाऱ्या रोलरच्या तोंडावर चार बोल्टांनी बसणारं पत्र्याचं झाकण. काळे सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

"ड्रॉइंग चांगलं आहे. पण कंपनीच्या यंत्राला झाकण असतंच. तुमच्या यंत्राला का नव्हतं?"

"दुकानदारानं दिलं नाही, सर."

"तू स्वतः यंत्र बघितलंस?"

तिनं बघितलं नव्हतं. त्या दिवसानंतर ती गोठ्यातल्या त्या कोपऱ्याकडे फिरकलीच नव्हती.

"मग आधी बघून ये. झाकण होतं आणि कुणी काढलं असेल, तर का काढलं ते कळायला हवं. नाहीतर तुझंही काढतील."

शनिवारी ती एसटीनं गावी गेली. यंत्र आता माय, म्हणजे कमलबाई चालवायची. राजेश्रीनं ओल्या फडक्यानं यंत्राच्या तोंडावरची घाण पुसली. खाली चार भोकं निघाली, आणि प्रत्येक भोकाभोवती वॉशरएवढं गोल. बाकीचा रंग उडाला होता, तेवढा गोल कोरा करकरीत होता. म्हणजे इथं बोल्ट आवळलेले होते. एक-दोन दिवस नाही, बरेच दिवस.

अण्णा डाव्या हातात बादली घेऊन गोठ्यात आले.

"अण्णा, हितं झाकण व्हतं."

त्यांनी बादली खाली ठेवली.

"व्हतं," ते म्हणाले. "म्याच काढलं. ओल्या कडवळाचा चारा अडकायचा. दर येळेला चार बोल्ट खोला, घाण काढा, पुन्हा आवळा. लाइट दोन तास. जनावरं वरडायलीत. एक दिवस खोललं, ते पुन्हा लावलंच न्हाई."

"कुठं हाय ते?"

"हिरीत टाकलं. दवाखान्यातनं आल्यावर."

राजेश्रीनं फडकं खाली टाकलं. "आन मुंजाजीकाका?"

"आपल्याच चुकीनं आपला हात गेला, हे कुन्या तोंडानं सांगू? तुझ्या मायला बी ठाव न्हाई, तवा यंत्र म्याच चालवायचो."

ती त्या दिवशी जेवली नाही. राग कशाचा, तेच तिला नीट सांगता येईना. बोटांचा, खोट्याचा, की ते खोटं उराशी धरून आपण तीन वर्षं शिकलो त्याचा. सकाळी मात्र ती टेप घेऊन अण्णांपुढे उभी राहिली.

"हात सरळ करा. डावा."

खांद्यापासून बोटांपर्यंतचं माप तिनं वहीत लिहिलं. यंत्राचं तोंड हाताहून लांब करायचं होतं.

वर्कशॉपमध्ये तिच्या गटातल्या गोपाळनं पत्रा जोडला. पहिलं तोंड ओल्या कडवळानं गच्च भरलं, अण्णा म्हणाले होते अगदी तसंच. तिनं उतार वाढवला, बोल्ट काढून टाकले आणि बिजागरीचं झाकण बसवलं. कडी ओढली की मोटर बंद व्हायची, चाकाला ब्रेक लागायचा, आणि चाक थांबल्यावरच झाकण उघडायचं. बटण दाबल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू होत नव्हतं.

परीक्षेला यंत्र चालवायला कुणी शेतकरीच आणा, असं सर म्हणाले. अण्णा आले, सोबत मायही आली. तिसऱ्या पेंढीला कडवळ अडकलं. अण्णांनी एका हातानं कडी ओढली, घाण काढली, झाकण मिटलं, बटण दाबलं. यंत्र चालू झालं.

"बोल्टचं झाकण सोपं आणि स्वस्त पडलं असतं," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

"ते लोक काढून ठेवतात, सर."

"कशावरून? अहवालात 'एक शेतकरी' एवढंच लिहिलंय."

अण्णांचं नाव राजेश्रीनं मुद्दामच घातलं नव्हतं.

"माझ्यावरून, सायेब," अण्णा म्हणाले. खिशातला उजवा हात त्यांनी बाहेर काढून समोर धरला आणि सगळं सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. माय दाराशी उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

परतीच्या एसटीत माय अण्णांना सोडून राजेश्रीशेजारी बसली. सोनपेठेला उतरल्यावर गावच्या जीपकडे न वळता मायनं बाजाराचा रस्ता धरला.

"आधी दुकानात चला."

मुंजाजी एकटेच बसले होते. अण्णांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच झाकणाचं खरं काय ते सांगितलं.

मुंजाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "चार वर्षं झाली, महारुद्र," एवढंच ते म्हणाले. मग उठून त्यांनी आतलं स्टूल आणलं आणि कमलबाईपुढे ठेवलं.

"बसा, वैनी."

अण्णांना त्यांनी बसा म्हटलं नाही. अण्णा उभेच राहिले, आणि राजेश्री त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.