पाचापर्यंत मोजायचं

आदल्या संध्याकाळी दोन पुढारी टीव्हीवर दीड तास एकमेकांवर तुटून पडले होते. जिंकलं कोण, ते मात्र त्यांना अजून कळलेलं नव्हतं. कारण चॅनेलसाठी घरोघरी फोन करून लोकांचं मत विचारणाऱ्या फोनवालीचे फॉर्म पुरे व्हायचे होते.

चारशेपैकी तीनशे नव्व्याण्णव झाले. उरला एक, आणि तो पासष्टच्या वरच्या बाईचाच हवा होता. त्या वयाच्या बायका फोन उचलायच्या, "मुलगा घरी नाही" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. दोन वाजता चॅनेलला आकडे द्यायचे होते. सुपरवायझरबाई टेबलाभोवती घिरट्या घालत होत्या.

फोनवालीचा कामावरचा आवाज वेगळाच होता. तो ऐकून एका गृहस्थाची तीन वर्षांची उचकी थांबली म्हणतात. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा, आता त्याला बोलता येतं. घरी मात्र ती मिक्सरच्या वरताण बोलायची. कामाचा एक नियमही होता: प्रश्न वाचायचा, मग मनात पाचापर्यंत मोजायचं. मध्ये तोंड उघडायचं नाही.

नंबर यंत्र निवडायचं. पोटात लाखो नंबर असलेल्या त्या यंत्राने पावणेदोनला नेमका तिच्याच घरचा लावला.

"हॅलो?" सासूबाई!

ओळखीचं माणूस लागलं तर फॉर्म रद्द. तिचं बोट बटणावर गेलं. पण बारा वर्षं याच सासूबाई घरात प्रत्येक गोष्टीला "तुम्ही म्हणाल ते" म्हणत आल्या होत्या. यांना मतच नाही, की आपल्याला सांगायचं नाही? हे कोडं तिला कितीदा जेवता-जेवता छळायचं. बोट तिथेच थांबलं.

"कालच्या वादविवादात आपल्या मते कोण सरस ठरलं? पहिले नेते, दुसरे, दोघे सारखे, की सांगता येत नाही?"

एक, दोन, तीन, चार...

"मी आवाज बंद करून बघितला," सासूबाई म्हणाल्या. "आवाज असला की माणूस नीट दिसत नाही. दुसरा बोलत होता तेव्हा पहिला टाय चाचपत होता. पहिला बोलत होता तेव्हा दुसरा पाणी ढोसत होता. चार ग्लास, मोजले मी! शेवटी बिचाऱ्याला उभं राहवत नव्हतं. ऐकलं कोणीच नाही. जिंकली ती मधली, प्रश्न विचारणारी. विचारायची आणि गप्प बसायची."

"तो पर्याय फॉर्मवर नाही, बाई."

"नसेना का. आमच्या घरीही नसतो. सून गुणाची आहे हो, पण विचारते तीच आणि उत्तर देते तीच. 'आई, निळे पडदे चालतील ना? चालतीलच!' मी मध्ये काय बोलणार? तिला सांगू नका बरं का."

फोनवाली मोजत एकविसापर्यंत गेली, तेव्हा पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"भरला का गं?" सुपरवायझरबाईंनी मान पुढे केली.

"रद्द. ओळखीच्या निघाल्या."

"अगं, कोणाला कळतंय!"

"मला."

पुढच्या आजींनी "दोघे सारखे" म्हणून अर्ध्या मिनिटात विषय मिटवला. दोन वाजता चॅनेलने अख्ख्या देशाचं मत रंगीत चकतीवर मांडलं. मधल्या बाईच्या वाट्याला त्यात काहीच आलं नाही.

संध्याकाळी सासूबाई निळ्या पडद्यांपाशी बसून मुलाच्या शर्टाला बटण लावत होत्या. फोनवालीने चप्पलही काढली नाही, समोर येऊन बसली.

"आई, काल कोण जिंकलं हो?"

जीभ सवयीने पुढे धावली. तिने ती दातांखाली धरली. एक. दोन. पाच झाले. सहा. आतून नवरा ओरडला, "अगं, माझा टॉवेल कुठाय?" तिने हातानेच त्याला गप्प केलं, भिंतीपलीकडून दिसणार नाही हे विसरून. आठ. नऊ.

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला.

"दुपारी सांगितलं की तुला," त्या म्हणाल्या. "आता पडद्यांचं विचार."