दातांनी ऐकलेली नदी

मित्रांनो, भिंगारच्या एका घरात कपाटावर पडलेला मी एक जुना क्लॅरिनेट आहे. सनईचा विलायती मावसभाऊ म्हणा हवं तर. काळ्या लाकडातून मला घडवलं आणि अंगावर चकचकीत चाव्या बसवल्या. त्यांचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू!

फौजेच्या बँडमध्ये या घरच्या बाबाजानने मला हाती घेतलं. त्याच्या शेजारी मिरजगावचा आसाराम बासरी वाजवायचा. तिथे दोघे स्मेताना नावाच्या चेक संगीतकाराची एक रचना शिकले. तिच्यात त्याच्या देशातली नदी वाहते. बासरी हा पहिला झरा, मी दुसरा. दोन्ही मिळाले की नदी. बँडमास्तर सांगायचे, हा स्मेताना बीअर बनवणाऱ्याचा मुलगा. त्याच्या तीन लेकी लहानपणीच गेल्या. तरी त्याने गावाकडच्या लग्नाचं हसरं संगीत नाटक रचलं. पन्नाशीत त्याचे कान पार गेले आणि ही नदी त्याने त्यानंतर लिहिली.

नोकरी संपल्यावर बाबाजान वरातीत वाजवू लागला. ढोलताशांच्या शेजारी उभं राहून साठीत त्याचेही कान गेले. आसाराम रडकुंडीला आला. बाबाजानने मात्र मला वरच्या दातांखाली धरून फुंकलं आणि तो ओरडलाच, "आसाराम, ऐकू येतंय रं! दातातनं थेट डोक्यात शिरतंय!"

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजनंतर आसाराम यायचा. बासरी बाबाजानला ऐकू येत नसे. आसाराम त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचा, की माझा झरा सुरू व्हायचा. बाबाजानच्या जगात तेवढाच एक आवाज उरला होता.

त्याचा लेक जीशान गुणाचा. अब्बांचे दात हलतात, भाकरी चावत नाही, म्हणून त्याचा जीव तुटायचा. तो त्यांना नगरला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. समोरच्याला पुन्हा पुन्हा बोलायला लागू नये म्हणून बाबाजान सगळ्यालाच मान डोलावायचा. एक दुखरा दात काढणार असं समजून त्याने तिथेही मान डोलावली. डॉक्टरांनी सगळेच दात काढले. पुढे छान कवळी बसली.

पुढच्या शुक्रवारी आसारामने थाप मारली. मला फुंकताच बाबाजानची कवळी निसटली. त्याने ती काढून मला हिरड्यांत धरलं. मी जीव ओतून वाजलो. सूर खरा लागला होता, मित्रांनो!

"लई गोड!" आसाराम म्हणाला.

बाबाजान त्याच्या ओठांकडे बघत राहिला. "वाजतंय व्हय?" त्याने विचारलं.

जीशान दारातून हे बघत होता. मग अरफाची, म्हणजे त्याच्या मुलीची, पाटी आणून त्याने लिहिलं, 'अब्बा, आधी का नाही सांगितलं?'

"तू इचारलं न्हाईस, बाळा," बाबाजान म्हणाला. त्याने लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला कपाटावर ठेवलं.

मी त्या दिवसापासून रडतो आहे. मला पुसू नका, तेल लावू नका, चालेल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काहीही काढून टाकण्याआधी, ते त्याला कशासाठी लागतं, एवढं विचारा. त्याने नुसती मान डोलावली, तर तेवढ्यावर जाऊ नका.