मला कुणी फिरवलंच नाही

"वहिनी, तुम्ही पोरीला भूगोल शिकवताय की नुसतं खायला घालताय? नाईल कुठून निघते एवढं पण येत नाही तिला."

"येतं तिला, भावजी. घाबरलीय ती. तुम्ही असे डोळे वटारून विचारलंत तर मी पण माझं नाव विसरेन."

"आणि उद्या मास्तर काय मांडीवर घेऊन विचारणारेत?"

हे सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं. खरंच डोक्यावरून, कारण मी मधोमध होतो आणि माझ्यावर जेवण वाढलेलं होतं. मी एक जुना मेसोब आहे, मित्रांनो. म्हणजे जेवायचा टोपलीवजा चौरंग, गवताचा विणलेला, कमरेत बारीक, वर परातीएवढा पसरट. आमच्या इथिओपियात माझ्यावर इंजेरा पसरतात. आंबोळीसारखाच, पण ताटभर मोठा. त्यावर भाज्या वाढायच्या आणि सगळ्या घरानं भोवती बसून एकाच ताटातून खायचं. एक नियम मात्र कडक असतो. आपल्या पुढ्यातलंच खायचं. समोरच्याच्या बाजूला हात घातला की चापट बसते.

या नियमानंच घात केला. पण ते नंतर सांगतो.

मला वर्कनेशनं विणलं, स्वतःच्या लग्नासाठी. सात महिने लागले. दाभण बोटात घुसायची, ती बोट चोखायची आणि पुन्हा विणायला लागायची. लग्नात बायका मला हात लावून लावून बघत होत्या. तेव्हा मी काय रुबाबात होतो ते विचारू नका. मग तिचा नवरा गेला. तो लॉरी चालवायचा, प्रत्येक खेपेला कुठलं ना कुठलं धान्य नाहीतर मसाला घेऊन यायचा. तो गेल्यावर सगळ्यांनी मिळून जेवणंच बंद झालं. मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यात कांदे भरले. झाकण उंदरांनी खाल्लं. कुणी एकदा तरी झटकावं की नाही? नाही. चिडून काय उपयोग, मला पाय नाहीत.

मग गावची शाळा बंद पडली. दोन वर्षं. वर्कनेशची मुलगी त्सिगे तेव्हा दहा वर्षांची होती, धाकटा अबेजे सहाचा. पोरं दिवसभर भिंतीला दगड मारत बसायची. एके दिवशी वर्कनेशनं कांदे ओतून टाकले, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि पोरांना म्हणाली, "बसा. बाबा जिथं जिथं जायचे, ते आज जेवायचं."

तिनं इंजेराचाच देश केला. दाराकडची बाजू उत्तर. तिथं बोटानं खळगा केला, त्यात पिवळी डाळ ओतली, ते ताना सरोवर. त्यातून लाल रश्शाची एक रेघ वळवून कडेबाहेर काढली, ती आमची निळी नाईल. दक्षिणेला कोचो ठेवला, तिकडच्या झाडाच्या खोडाची भाकरी. नैऋत्येला, काफा प्रांतात, चार भाजलेले कॉफीचे दाणे, पूर्वेला हररची ज्वारी, आणि वर ईशान्येला मिठाचा खडा, जिथं वाळवंटात मीठ खणतात. काय करतात, काय पिकतं, पाऊस किती, सगळं घास घेता घेता सांगायची. पुस्तक एकही नव्हतं घरात. उपासाच्या दिवसांत दूध नाही, मांस नाही, तर नुसत्या डाळींवर तिनं अख्खा देश उभा केला.

मी खूश होतो हो. मला वाटलं, आपलं भलं झालं.

गेल्या आठवड्यात शाळा उघडली. मास्तरांनी निरोप धाडला. सोमवारी तोंडी परीक्षा, पास झाले ते सहावीत, बाकीचे चौथीत. त्यावर दीर अस्रात आला आणि म्हणाला, बारा वर्षांची पोर लहानग्यांत बसणार नाही. नापास झाली तर दुपारच्या बसनं राजधानीत. ओळखीच्यांकडे धुणीभांडी करेल, दोन घास खाईल. त्यानं तिच्या कपड्यांचं गाठोडंसुद्धा बांधून दाराशी ठेवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी.

तर काल दुपारी ते भांडण. अस्रातनं विचारलं, "नाईल कुठून निघते?" त्सिगे पुढ्यातला कोचो कुरतडत राहिली.

"तानातून," अबेजे तोंडात घास असताना बोलला. "एवढं पण नाही येत हिला?"

"मग तू सांग, कॉफी कुठं होते?" आईनं विचारलं.

अबेजेनं डोकं खाजवलं. त्सिगे पटकन म्हणाली, "काफात. डोंगराच्या जंगलात, सावलीत."

वर्कनेशचा हात तिथल्या तिथं थांबला. तिनं पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन वर्षं त्सिगे एकाच जागी बसलेली, दक्षिणेला. अबेजे दाराकडे, उत्तरेला. ज्याच्या पुढ्यात जे आलं ते त्यानं खाल्लं आणि तेवढंच त्याच्या डोक्यात बसलं. मला हे पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. मी गोल आहे, मित्रांनो. एका हातानं फिरतो. मला कुणी फिरवलंच नाही. आणि ओरडायला मला तोंड नाही.

"दुसरा इंजेरा कर ना आई," त्सिगे रडवेली झाली.

"पीठ आंबायला तीन दिवस लागतात गं. हाच आहे."

आणि हा निम्मा खाऊन झालेला. वर्कनेशनं मला गरकन फिरवलं. "कुणी हात लावू नका. अबेजे, ताईला भरव. आणि भरवताना सांग."

आमच्यात दुसऱ्याला हातानं घास भरवतात, आणि भरवलेला घास नाकारता येत नाही. अबेजेनं ताना भरवलं, नाईल भरवली, मीठ भरवलं. त्सिगे रडत रडत गिळत होती आणि त्याच्यामागून म्हणत होती. पूर्वेकडे बघतात तर काहीच शिल्लक नाही.

"काका," अबेजे म्हणाला, "हरर तुमच्या हातात आहे."

अस्रातच्या बोटांत शेवटचा घास होता. त्यानं तो बघितला. "काय लोक आहात," म्हणाला, आणि त्सिगेच्या तोंडात घातला. "ज्वारी. ऊन फार. आणि बस दुपारचीच आहे, हे विसरू नका."

आज सकाळी त्सिगे आईला म्हणाली, "पाठ म्हणायला गेले की सगळं गोंधळतं. मेसोबपुढं बसले की येतं. मी नेते याला."

"हसतील गं सगळे."

"हसू देत."

माझी तळाची वीण सुटत आलीय. शाळा टेकडीच्या पलीकडे, वाट दगडांची. तिथवर टिकेन की नाही, माहीत नाही. मास्तर मला आत घेतील की नाही, तेही नाही. गाठोडं अजून दाराशीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी कोपऱ्यात असेल तर त्याला पुसा, वापरा. आणि फिरवा. समोरच्याच्या पुढ्यात काय आहे तेही कधीतरी खाऊन बघा, वेळ आहे तोवर. आमची वेळ एका दुपारवर आली.

तिनं चुंबळ ठेवली डोक्यावर. उचललं मला. निघायला हवं आता.