पिल्लू थांबलं नाही

मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत मी शार्कची अंडी सांभाळते. अंडं म्हणजे चामड्यासारखी चपटी पिशवी. मागून दिवा धरला की आतलं पिल्लू शेपूट हलवताना दिसतं. मोठा मासा जवळ आला की त्याच्या अंगातली बारीक वीज पिल्लाला कळते, आणि ते श्वाससुद्धा रोखून धरतं. पळणार कुठे बिचारं?

नवरा जिना चढायला लागला की मीही तशीच व्हायचे. पुढे काहीच होईनासं झालं. भीती नाही, राग नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. काळजी असायची ती लेकीची. आधी बापाचा आवाज चढला की ती थिजायची. नंतर त्यानं मला भिंतीवर ढकललं तरी समोर बसून चित्र रंगवत राहायची. पोरगी धीट झाली, असं मी ताईला कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं.

मग एक दिवस माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मोठा मासा जवळ आल्यासारखं वाटावं म्हणून त्यांनी पाण्यात दोन तारा सोडून बारीकशी वीज दिली. पिल्लू थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा दिली, मग पुन्हा. शेवटी ते शेपूट हलवतच राहिलं.

"भीती गेली की त्याची," मी म्हटलं.

"गेली कसली! सवय झाली. समुद्रात असतं तर आता पहिलं हेच खाल्लं गेलं असतं."

मी दिवा बंद केला, हात पुसले, शाळेतून लेकीला घेतलं आणि थेट ताईकडे गेले.

"घरोघरी मातीच्या चुली, अगं. नीट विचार कर," ताई म्हणाली.

"केला," म्हटलं. जेवले, झोपले. डोळ्यांत टिपूस नाही.

ताईकडे राहूनही बरेच दिवस लेक तशीच होती. भांडं पडो, दार आपटो, ढिम्म. मग एका दुपारी भावोजींनी न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाक मारली. माणूस देवासारखा, पण आवाज म्हणजे फुटका ढोल. लेकीचा घास हातातच राहिला. डोळे दाराकडे, श्वास घेईना.

"घाबरली गं पोर," म्हणत ताई उठली.

"घाबरू दे तिला," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.