फुलाबाईला थंड करणारी मी शंखपुष्पी

मी शंखपुष्पी बोलतेय. वर काय बघता? खाली बघा, तुमच्या वहाणेपाशी! फूल माझं नखाएवढं, पांढरं. पण भल्याभल्यांची डोकी मी थंड केली आहेत. गुलाबाला जमतं का ते? तो मेला नुसता मिरवतो.

माझा जन्म वणीच्या शिवारात, मुरमाड बांधावर. कुणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही. माझी मी वाढले. बांधाच्या अलीकडे फुलाबाईचं शेत, पलीकडे पुंजारामचं. या पुंजारामला एक खोड. दर नांगरटीला हळूच बांध कोरायचा आणि वीतभर जमीन आपल्याकडे ओढायचा. म्हणून त्या दिवशी फुलाबाई पदर खोचून बांधावर उभी राहायची आणि असं तोंड सोडायची, की त्याचे बैल आपणहून मागे वळायचे. तिच्या तोंडावर बांध टिकला होता आणि बांधावर मी.

पण तेच तोंड घरी सुनेला, मालनला, दिवसभर ऐकावं लागायचं. एकोणीसशे पस्तीस साली मालन कंटाळली आणि वणीच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या खलीलचाचांकडे गेली.

"शंखपुष्पी वाटून दुधात दे, बेटी. पण चिमूटभरच."

मालननं मूठभर घातली. तीही नेमकी नांगरटीच्या सकाळी!

पुंजारामनं नांगर थेट बांधात घातला. फुलाबाई आली, खाली बसली आणि गोड हसली. "ने रे बाबा. मातीच ती."

पुंजाराम दचकला. "फुलावहिनी, बरं नाय का? दोन शिव्या तरी दे!"

"तुझं भलं होवो."

मग काय, त्यानं बैल हाकले. फाळ माझ्यापासून चार हातांवर आला. मला घसा असता तर!

तेवढ्यात मालन पाणी घेऊन आली. लग्नानंतरच्या दहा वर्षांत या बाईनं वडीलधाऱ्यांपुढे मान वर केली नव्हती. तिनं फाळ पाहिला, सासूचं हसू पाहिलं आणि कळशी आदळली.

"ओ पुंजाराममामा! नांगर घ्या माघारी! आत्याबाई थंड झाल्यात, मी नाय!"

बैल थबकले. फुलाबाई बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "पोटातून ओरड गं. नुसत्या घशातून नको."

मालन पोटातून ओरडली. पुंजाराम बैलांसकट पार वाटेपर्यंत मागे गेला.

माझा गुण फुलाबाईच्या अंगातून तिसऱ्या दिवशी उतरला. मालनचा आवाज मात्र खाली आला नाही. बांध जागच्या जागी आहे, मी त्यावर आहे, आणि त्या घरात आता दोन तोंडं आहेत. मालनचा नवरा सोमा रोज सकाळी मला खुडायला येतो. त्या दोघींना पाजायची त्याची छाती नाही. इथंच उकिडवा बसून स्वतः चावतो, मग घराकडे निघतो.

आज तर दोन्ही हातांनी ओढतोय. अरे सोमा, मूळ तेवढं राहू दे! उद्याही तुला त्याच घरी जायचंय.