माझ्या ब्रेकवर आलेला आळ

मी एक जुनी पिकअप आहे, मित्रांनो, आणि मध्ये पाच महिने माझ्यावर एक खोटा आळ होता. भेटेल त्याला माझे मालक सांगत सुटले होते, "काय करणार, ऐन उतारावर हिचे ब्रेक फेल झाले!" ऐकणारा लगेच माझ्याकडे वळून बघायचा. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. ते नाही, म्हणून तुम्हाला सांगते, आणि सुरुवातीपासून सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हापासूनच मी अंगाने थोराड. शोरूममध्ये लोक माझ्याभोवती फिरायचे, तोंडभरून कौतुक करायचे आणि शेजारची छोटी गाडी घेऊन जायचे. "हिला पोसायचं कुणी?" असं एक गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणाले होते. शेवटी एका काचवाल्याने मला घेतलं. दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, खिडक्यांची तावदानं बसवण्याचा त्यांचा धंदा. मोठी काच आडवी ठेवून नेली तर खड्ड्यात गचका बसला की तडकते. ती उभीच न्यावी लागते. म्हणून मालकांनी माझ्या हौद्यात काच टेकवायला लाकडी घोडी बसवून घेतली आणि तिला जुन्या सतरंजीचे तुकडे ठोकले. छोट्या गाडीला हे ओझं झेपलं नसतं. मला झेपलं, आणि मी तेव्हा फार खूश होते.

काच बसवायचे मालक, पण काच कापायच्या मालकीणबाई. हिरकणीची बारीक कलम घेऊन त्या एकच रेघ ओढायच्या, खालून बोटांनी हलकेच टकटक करायच्या, आणि एवढी मोठी काच मुकाट्याने रेघेवर दुभंगायची. मालकांनी कधी कलम हातात घेतली तर त्या म्हणायच्या, "अहो, राहू द्या. तुम्ही वाकडे कापलेले आरसे घरात आधीच ढीगभर झालेत." मालकही हसायचे. काच पोचवायला दोघं मिळूनच निघत. केबिनच्या मागच्या सरकत्या खिडकीतून बाई उजवा हात बाहेर काढून काचेच्या कडेला लावून बसायच्या. काच जरा थरथरली की त्यांच्या बोटांना कळायचं आणि त्या म्हणायच्या, "जरा हळू." मालक लगेच हळू व्हायचे. अशी आमची नऊ वर्षं सुखाने गेली.

मग डिझेलचे भाव वाढले. नुसते वाढले नाहीत, दर थोड्या दिवसांनी वाढतच राहिले. गल्लीतले लोक मालकांना चिडवू लागले, "काय मग, हत्ती जेवला का आज?" मालक वरवर हसायचे आणि केबिनमध्ये येऊन माझं दार दाणकन आपटायचे. मी पिते हे खरंच आहे, मित्रांनो. एवढं अंग ओढायचं तर प्यावंच लागतं. पण ते दार माझ्या फार मनाला लागायचं.

खर्चावर उपाय काढला तो बाईंनीच. हौद्याच्या कोपऱ्यात वाळूच्या दोन गोण्या आणि गंजके नळ वर्षानुवर्षं पडून होते. ते त्यांनी उतरवायला लावले. दर आठवड्याला चाकांची हवा तपासायची असं ठरवलं, कारण हवा कमी असली की मला रस्ता चिकटतो. एका दिशेची कामं एकाच फेरीत घ्यायची, गिऱ्हाइकाच्या दारात गप्पा मारताना मला घुरघुरत ठेवायचं नाही, आणि उगाच पाय दाबून पळवायचं नाही. महिन्याभरात फरक दिसला. मी कमी पीत होते, आणि मलाही हलकं वाटत होतं.

मालक तेवढ्यावर थांबले असते तर आज ही गोष्टच नसती. पण त्यांना ॲव्हरेजचं वेड लागलं. पंपावर एकदा एक ट्रकवाला छाती पुढे काढून सांगत होता, "उतार लागला की मी गाडी न्यूट्रल करतो, चावी बंद. फुकटात खाली!" मालकांचे डोळे चमकले. त्याच दुपारी त्यांनी डोंगरावरून खाली येताना माझं इंजिन बंद केलं. सगळा आवाज एकदम थांबला. नुसता वारा आणि चाकांची सळसळ. मालक लहान मुलासारखे खुदकन हसले, आणि मला मात्र धडकी भरली.

का ते सांगते. माझा ब्रेक दाबणारा पाय माणसाचा असला, तरी त्याला जोर इंजिनाचा लागतो. इंजिन बंद झालं की पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो आणि माणूस फसतो. मग पॅडल दगड होतं. स्टिअरिंगही जड होतं. पहिल्या वेळी उतार सरळ होता, निभावलं. मग दुसऱ्यांदा निभावलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग त्याची सवय झाली. बाईंनी एकदा विचारलं, "आवाज का थांबला हो?" मालक म्हणाले, "नवीन युक्ती आहे. तुला नाही कळायची." गाडीच्या कामात बाई कधी पडत नसत. त्यांनी काचेला लावलेला हात सावरला.

त्या दिवशी घोडीवर एका कपड्याच्या दुकानाची काच होती, पुरुषभर उंच. उताराला चार वळणं, आणि मालकांनी माथ्यावरच माझं इंजिन बंद केलं. पहिल्या वळणावर मालकांनी ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यावर लागला, पण कमी. बाई म्हणाल्या, "जरा हळू." तिसऱ्या वळणावर मालक दोन्ही पायांनी पॅडलवर उभेच राहिले, आणि मी थांबू शकले नाही. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला, खरंच केला. त्यांनी हँडब्रेक ओढला, मला रस्त्याच्या कडेच्या मातीच्या ढिगात घातलं, आणि मी थांबले. मागची काच मात्र थांबली नाही. बाईंचा हात खिडकीतून बाहेर, काचेलाच होता.

पुढचं फार सांगत नाही. डॉक्टरांनी हात शिवला, जखम भरली, पण दोन बोटं कायमची ताठ राहिली. त्या बोटांत आता हिरकणीची कलम ठरत नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसून बाईंनी विचारलं होतं, "असं कसं झालं हो?" मालकांनी क्षणभर त्यांच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "ब्रेक फेल झाले." घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खोटं निसटतं, हे मी समजू शकते. पण निसटलेलं खोटं त्यांनी उचलून घरी आणलं आणि रोज वापरायला काढलं. गॅरेजच्या मेस्त्रींनी मला जॅकवर चढवून चारही चाकं उघडली आणि विचारलं, "ब्रेक ठणठणीत आहेत रे. उतारावर बंद केली होतीस का?" मालक मजुरीचे पैसे मोजू लागले. मेस्त्रींनी चाकं परत बसवली आणि मजुरी घेतली नाही.

मग मी दारात उभी राहिले. काचेवर धूळ, हौद्यात पाला. बाई माझ्याजवळून जाताना अंग चोरून जायच्या. ज्या गाडीने आपला हात नेला तिच्याशी दुसरं कसं वागणार? त्या पाच महिन्यांत मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. शेवटी मालकांनी मला विकायला काढलं.

एका रविवारी रोपवाटिकेवाले काका मला बघायला आले. चाकांना लाथ मारून झाली, बॉनेट उघडून झालं. बाई दारात चहाचा ट्रे डाव्या हातावर तोलून उभ्या होत्या.

"इंजिन चांगलं आहे," काका म्हणाले. "पण हिचे ब्रेक गेले होते म्हणे? माझी सून चालवणार आहे ही. नीट सांगा."

"छे हो," मालक पटकन म्हणाले, "ब्रेकना काही झालेलं नाही. मेस्त्रींना विचारा. एकदम ठणठणीत आहेत."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. बाईंनी ट्रे पायरीवर ठेवला.

"मग तेव्हा काय झालं होतं?"

काका एकदा मालकांकडे, एकदा बाईंकडे बघू लागले. मालकांनी माझं बॉनेट खाली लावलं.

"मी गाडी बंद केली होती," ते म्हणाले. "डिझेल वाचवायला."

"किती वाचलं?"

"काहीच नाही." मालक म्हणाले. "मेस्त्री म्हणाले, गिअरमध्ये ठेवून नुसता पाय काढला असता, तरी उतारावर ती डिझेल पीत नाही. थेंबही वाचला नाही."

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो हात पदरात घेतला आणि आत गेल्या. काका "विचार करून कळवतो" म्हणून निघून गेले. चहा पायरीवर तसाच निवला.

 पाचव्या दिवशी बाई बादली घेऊन आल्या आणि त्यांनी माझी काच पुसली. पुसता पुसता म्हणाल्या, "तुला उगाच बोल लावला गं." मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी पाणी माझ्या काचेवरून बराच वेळ ओघळत होतं.

माझं डिझेल जरूर वाचवा. हवा भरा, नको ते ओझं उतरवा, फेऱ्या कमी करा, मला दामटू नका. पण चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका. त्या वाचवण्याची किंमत शेजारी बसलेलं माणूस देतं. आणि हातून चूक झालीच तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका.

मी विकली गेले नाही. काच कापायला आता पगारी कारागीर आहे. त्याची रेघ बरी येते, बाईंसारखी नाही. बाईंनी मालकांना माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. त्या अजूनही शेजारी बसतात. उतार सुरू झाला की त्या आपला ताठ बोटांचा हात माझ्या गिअरवर ठेवतात आणि खाली सपाट रस्ता लागेपर्यंत उचलत नाहीत.